ओहोटीच्या वेळी आलेल्या साहेबांस

आदरणीय साहेब,

सादर नमस्कार.

आमच्या घरामागच्या समुद्राकडील संरक्षक भिंतीची दुरुस्ती झाल्यापासून दोन उधाणे येऊन गेली आणि भिंत जागची हलली नाही, म्हणून हे पत्र. खरे तर परवानगी मिळाली त्याच दिवशी लिहायला हवे होते. पण लिहायला बसलो की आधीच्या 14 महिन्यांचा संतापच कागदावर उतरे.

आपल्याआधी दोनदा पाहणी झाली. दोन्ही वेळा अधिकारी ऐन भरतीत आले, पाण्यावर दिसणारा धड भाग पाहिला आणि 'भिंत सुस्थितीत' असा शेरा मारून गेले. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, कार्यालयाची मात्र सरकत नाही, एवढेच मला त्यातून कळले.

आपण फोनवर पहिला प्रश्न विचारलात तो ओहोटीचा. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, बूट हातात घेऊन, आपण चिखलात उतरलात आणि भिंतीच्या पायाशी वाकून मिटलेली छत्री आत सरकवलीत. ती मुठीपर्यंत आत गेली. भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा पायाखालची वाळू ओढून नेतात, हे मी अर्जात पानभर लिहिले होते. आपण वर पाहून म्हणालात, "तुमचं बरोबर होतं." साहेब, ते तीन शब्द ऐकून मला तिथेच खडकावर बसावे लागले.

भिंत दोन फूट पुढे घेण्याची माझी मागणी मात्र आपण साफ नाकारलीत. भिंतीच्या टोकाला वळसा घालणाऱ्या लाटा शेजाऱ्याची जमीन खातील, तेव्हा जुन्याच रेषेवर पाया खोल न्या आणि निचऱ्याच्या छिद्रांमागे माती अडवणारे कापड घाला, असे समजावून सांगितलेत. तो नकार मला आधीच्या मौनापेक्षा कितीतरी सन्मानाचा वाटला. सौजन्य म्हणजे गोड बोलणे, अशी माझी समजूत होती. आपण तर फारसे गोड बोललातही नाहीत.

परवाच्या उधाणानंतर छिद्रांतून निथळणारे पाणी ओंजळीत धरून पाहिले. त्यात माती नव्हती. आपली छत्री त्या दिवशी इथेच राहिली आहे. न्यायला अवश्य यावे, फक्त ओहोटीच्या वेळी.

आपला ऋणी,
भिंतीमागचा एक रहिवासी