क्लिक कुणी केलं होतं?

संपादक महाशय,

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या उपकरणांत शिरून डीडॉस हल्ले (म्हणजे असंख्य उपकरणांतून एकाच सर्व्हरवर मारा करून तो ठप्प पाडणं) करणाऱ्या व्हायरसवरचा कालचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण शेवटच्या चौकटीत उपदेश तोच जुना : ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका.’ आमच्याकडे क्लिक कुणी केलं होतं? मीटरच्या खोलीत, पंपाच्या स्विचशेजारी धूळ खात पडलेल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरनं?

मी मुलुंडमधल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गेल्या पावसाळ्यात दीड महिना सोसायटी ऑफिसचं नेट रडतखडत चाललं होतं. नेटवाल्याचा पोरगा चारदा आला आणि चारही वेळा ‘काका, राउटर बंद करून चालू करा’ एवढंच सांगून गेला. गंमत म्हणजे लाइट जाऊन आले की पाच मिनिटं नेट झकास, मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी त्यांच्या कंपनीचा मेल आला : तुमच्या कनेक्शनवरून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर मारा होतोय, थांबवा, नाहीतर लाइन कापू. म्हणजे चोर आम्हीच! त्या दिवशी कमिटीच्या बैठकीत सगळे माझ्याकडे कसे बघत होते, ते माझं मला ठाऊक.

भाच्यानं रेकॉर्डर खाली उतरवला. झाकणावर बसवणाऱ्यानं काळ्या मार्करनं लिहिलेलं : ‘अ‍ॅडमिन, १२३४५६’. पुसू नये म्हणून वर सेलोटेप! भाचा म्हणाला, “मामा, या डब्यात आत लिनक्सच असतं.” २०१६ मध्ये मिराई नावाच्या अशाच व्हायरसनं कंपनीनं घालून दिलेले असले साठेक पासवर्ड लावून बघत जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडवून धरलं. हा किडा मेमरीत राहतो. लाइट गेले की मरतो आणि पासवर्ड तोच असला की मिनिटांत परत येतो. आमच्या झकास पाच मिनिटांचा उलगडा झाला.

बसवणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, पासवर्ड बदललात तर वॉरंटी माझ्याकडे मागू नका. धन्य!

आणि लेखासोबतचं ते चित्र! टोपडं ओढलेला, बिनचेहऱ्याचा हॅकर किती वर्षं छापणार? मिराई लिहिणारी तीन अमेरिकी पोरं विशीच्या आसपासची होती, २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूलही केला. त्यापेक्षा आमच्या झाकणाचा फोटो छापा, पाठवतो.

भाच्यानं पासवर्ड बदलला, बाहेरून कॅमेरे बघायची सोय राउटरमधून बंद केली, नेट सुरळीत झालं. आता पुण्याला मुलाकडे राहणारे आमचे चेअरमन रोज फोन करतात, मोबाइलवर गेट का दिसत नाही म्हणून.

ता. क. : त्याच लेखाखाली ‘चार कॅमेरे, रेकॉर्डरसह, बसवणी मोफत’ अशी पाव पान जाहिरात होती. पासवर्ड कोणता घालून देतात, तेवढं विचारून घ्या.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई