वायाहोलेच्या खाचरांसाठी हात हवेत, आणि थोडा हातभारही

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गणपतीच्या वर्गणीचं पत्र अजून यायचं आहे, हे ते नव्हे. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या आपल्या छोट्याशा मराठी मंडळाने पहिल्यांदाच मंडळाबाहेरच्या कामासाठी मदत मागायचं ठरवलं आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

आपल्यातलीच एक मुलगी, जी गणपतीत दरवर्षी अथर्वशीर्षाला पुढच्या रांगेत बसते, मानोआच्या विद्यापीठात हवाईयन अभ्यास हा विषय घेऊन शिकते आहे. इंजिनिअरिंग सोडून हे काय, अशी कुजबुज आपल्यातच झाली होती. ती तिच्या कानावरही गेली आहे, तेव्हा इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. तिच्या शिक्षणाचा बराच भाग वर्गाबाहेर, गुडघाभर चिखलात चालतो. विद्यापीठाला लागूनच कानेवाईची लोई आहे, म्हणजे पाण्यात कालो लावायची खाचरं. कालो म्हणजे आपलं अळूच. फक्त इथे पानापेक्षा अळकुडीला मान जास्त. ती शिजवून, कुटून पोई करतात. 1980 मध्ये काही हवाईयन विद्यार्थ्यांना तिथे रानात बुजलेला जुना पाट सापडला. मावी बेटावरच्या केआनाए गावचे जाणते शेतकरी हॅरी कुनिही मिचेल यांना विचारून विचारून त्यांनी ती खाचरं पुन्हा लागवडीखाली आणली. आपली मुलगी बांध घालायला शिकली ती तिथे.

इथल्या परंपरेत कालो हा नुसतं पीक नाही. वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्माला आलं. ते पुरलं त्या जागी पहिला कालो उगवला. दुसरा मुलगा माणूस झाला, आणि दोघांचंही नाव हालोआ. म्हणजे कालो थोरला भाऊ. त्याला सांभाळायचं, तो धाकट्याला जेवू घालतो. 2002 मध्ये याच विद्यापीठाने कालोच्या तीन नव्या वाणांवर पेटंट घेतलं, तेव्हा लोक खवळले ते यामुळेच. थोरल्या भावाची मालकी कशी सांगणार? शेवटी 2006 मध्ये विद्यापीठाने ती पेटंटं सोडून दिली. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने 1997 मध्ये हळदीचं अमेरिकन पेटंट रद्द झालं, त्याचा आनंद झालेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हळदही इथली जुनीच रहिवासी आहे. पॉलिनेशियातून होड्यांमधून आलेल्या रोपांमध्ये ती होती.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षापासून ही मुलगी आणि तिचे दोन-तीन सोबती वायाहोले खोऱ्यातल्या एका हवाईयन कुटुंबाच्या पडीक खाचरांत काम करताहेत. कुटुंबाने नाव न छापण्याची विनंती केली आहे. खाचरं कित्येक वर्षं गवताखाली आणि हाऊ नावाच्या झाडाच्या गुंतलेल्या फांद्यांखाली होती. आजवर दोन मोकळी झाली. खाली आणखी पाच दिसताहेत.

वायाहोलेच का, असं कार्यकारिणीच्या बैठकीतही विचारलं गेलं. उत्तर आपल्या नळाशी नसलं तरी आपल्या अंगणाशी आहे. 1916 मध्ये कूलाऊ डोंगर पोखरून बोगद्यांनी या बाजूचं पाणी पलीकडे नेलं गेलं, उसाच्या मळ्यांसाठी. रोज सुमारे 10 कोटी लिटर. इकडचे ओढे आटले, कालोची खाचरं सुकली. पलीकडे म्हणजे कुठे? वाइपाहू, कुनिया, एवा. आपल्यातली निम्मी कुटुंबं आज त्याच बाजूला राहतात, जुन्या मळ्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वसाहतींत. खोऱ्यातल्या लोकांनी 1970 च्या दशकात घरं खाली करायच्या नोटिसांविरुद्ध लढा दिला, तेव्हा 1977 मध्ये राज्य सरकारला ती जमीन विकत घ्यावी लागली. ऊस बंद पडल्यावर पाण्यासाठी भांडण उभं राहिलं, आणि 2000 मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही जनतेची ठेव आहे हे ठामपणे सांगितलं. काही पाणी ओढ्यांना परत मिळालं. पाणी आलं, पण ते खेळवायला पाट आणि माणसं हवीत. हे काम दुसऱ्यांवर उपकार म्हणून करायचं नाही, एवढं बैठकीत एकमताने ठरलं.

आपल्याला काय करायचं आहे ते सांगतो. वरच्या बाजूला ओढ्याचं थोडं पाणी पाटात घेतात, ते एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जातं आणि शेवटी ओढ्यालाच परत मिळतं. पाणी थंड आणि वाहतं राहिलं पाहिजे. साचलं, तापलं की अळकुडी कुजते. म्हणून पाट उपसणं हे पहिलं काम. दुसरं गवत काढणं. तिसरं किळसवाणं आहे पण मुलांना फार आवडतं: बाहेरून आलेली एक मोठी पाणगोगलगाय कोवळी रोपं फस्त करते. तिच्या अंड्यांचे भडक गुलाबी पुंजके पाण्याच्या वर देठांना चिकटलेले असतात. दिसला पुंजका की खरवडायचा आणि चिरडायचा. लावणी शेवटी. काढलेल्या अळकुडीचा शेंडा वीतभर देठासकट कापून ठेवतात, त्याला हुली म्हणतात; तोच पुन्हा चिखलात रोवायचा. पीक हाती यायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. एकदा येऊन फोटो काढून जाणाऱ्यांपेक्षा वर्षातून चार वेळा येणारी चार माणसं आम्हाला हवी आहेत.

श्रमदान दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेआठ ते बारा. ‘गावी आमची शेती आहे’ असं सांगणाऱ्या सर्व सभासदांची आम्ही विशेष वाट पाहतो आहोत.

पैशांचं असं. विळे, घमेली, चिखलात घालायचे जपानी ताबी बूट (मुलांच्या मापाचेही), पाटाच्या तोंडाशी बसवायची जाळी, एवढं लागेल. पण मोठा खर्च बसचा आहे. हवाईयन माध्यमाच्या शाळेतली मुलं खाचरांवर आणायची अशी आपल्या मुलीची फार इच्छा आहे. 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली, ती सरकारी शाळांत माध्यम म्हणून परत आली 1987 मध्ये. आज ती मुलं कालोच्या प्रत्येक भागाचं नाव त्यांच्या भाषेत सांगतात, आणि काहींनी खाचर जवळून पाहिलेलंही नसतं. बस, अवजारं, जेवण मिळून वर्षभरासाठी 6,000 डॉलरची गरज आहे. मंडळाने गणपतीच्या आरासीतून 1,000 बाजूला काढले आहेत. मखर यंदा साधं असेल, तक्रार करू नये. उरलेल्यासाठी ज्याला जे जमेल ते द्यावं. 20 डॉलरही चालतील. रक्कम खजिनदारांकडेच द्यावी, पावती मिळेल, आणि हिशोब दर तीन महिन्यांनी सर्वांना कळवला जाईल. यातला एकही डॉलर मुलीच्या फीसाठी नाही. तिने ते स्वतःहून बजावून सांगितलं आहे.

येणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पायाला किंवा हाताला उघडी जखम असेल तर चिखलात उतरू नका. लेप्टोची भीती मुंबईच्या पावसाळ्याइतकीच इथेही आहे. अशांना काठावर भरपूर काम आहे. आत शिरण्यापूर्वी सगळे फाटकाशी थांबतात, परवानगी मागणारं ओली, म्हणजे हवाईयन पठण, म्हटलं जातं, आतून उत्तर आलं की पुढे जायचं. ओलीचे शब्द मुलगी आधी शिकवील. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावेत. त्या हवाईयन घरातली वडीलधारी माणसं बोलत असतील तेव्हा आपसात मराठीत गप्पा सुरू करू नयेत, हे सांगावं लागतंय खरं. लहान मुलांना जरूर आणा, बदलायचे कपडे दोन जोड आणा.

नावं आणि गाडीत किती जागा आहेत ते महिनाअखेरपर्यंत चिटणीसांना कळवावं. वाइपाहूहून दोन गाड्या निघतील, मानोआहून एक.

आपली,
कार्यकारिणी

ता. क. दुपारचं जेवण डबा पद्धतीने. डब्यात अळूवडी आणायला काहीच हरकत नाही, त्या घरच्या आजींना ती आवडल्याचं कळलं आहे. मात्र तिच्यासाठी खाचरातली पानं न विचारता खुडू नयेत.