निनादच्या सामानातले पत्र

श्री

दांडिया बाजार, वडोदरा
१९ जुलै

चि. सावनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

निनादचा व्हिसा अखेर काल हाती पडला आणि तो परवा रात्री मुंबईहून एडिंबऱ्याला, तुमच्या नाटकाच्या संचाकडे, निघतो आहे, म्हणून त्याच्या सामानात हे पत्र ठेवून देत आहे. फोनवर बोलता आले असते. परंतु फोनवर तू ‘बरं, बाबा’ म्हणतेस आणि मला पुढचे काही सुचत नाही. शिवाय मंगळवारी तुझा आवाज मला बसल्यासारखा वाटला. तालमीच्या खोलीत धूळ होती, असे तू म्हणालीस. असेल. तुझी आई आत्ता चहा ठेवून गेली आणि जाताना बजावून गेली, “लिहा, पण तिच्या गळ्याविषयी लिहू नका, तिच्यामागे आधीच पुष्कळ व्याप आहेत.” तेव्हा गळ्याविषयी काही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

आधी तू निघालीस त्या दिवशीच्या स्टेशनवरच्या प्रकाराविषयी लिहितो. ‘सत्तर मिनिटांत नाटक होत नाही, कीर्तनाचा पूर्वरंगसुद्धा होत नाही,’ हे वाक्य मी तुझ्या मित्रमंडळींसमोर उच्चारायला नको होते. तू काही बोलली नाहीस, नुसती बॅगेचा पट्टा घट्ट करत राहिलीस. लहानपणी गणिताचा पेपर हातात पडला की फ्रॉकचा पट्टा अशीच ओढायचीस. परतताना रिक्षात आई एक शब्द बोलली नाही आणि घरी आल्यावर तिने मला वाढले ते थंडच. चूक माझी होती, हे मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो.

त्यानंतर मी निनादला दोनदा घरी बोलावून सगळी माहिती विचारून घेतली. तुमचे थिएटर म्हणजे एका चर्चचे तळघर आहे, तेथे सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत आठ निरनिराळे संच आपापले प्रयोग करणार आहेत, आणि आधीच्या लोकांचे सामान निघून तुमचे लागायला अवघी पंधरा मिनिटे मिळणार आहेत, हे ऐकल्यावर सत्तर मिनिटांचा अर्थ माझ्या ध्यानात आला. आपल्याकडे संगीत नाटक रात्री सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालत असे आणि एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर पडत असत. तुमच्याकडे वन्समोअर द्यायची सोयच नाही, कारण पुढची मंडळी दाराशी ट्रंका घेऊन उभी असणार. ह्या एका गोष्टीपुरता मी त्या तळघराचा ऋणी आहे. तुझे तेवढेच गाणे वाचेल.

ह्या महोत्सवासाठी नाटके निवडणारी समितीच नाही, जो जागा मिळवील आणि पैसे भरील त्याने यावे, हे कळले तेव्हा मला प्रथम वाईटच वाटले. मग ह्याला मान तो कसला, असे मनात आले. पण निनादने सांगितले की १९४७ साली, महायुद्धानंतर एडिंबऱ्यात पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना तेथे जाऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपली नाटके केली. ‘फ्रिंज’ म्हणजे महोत्सवाची ही कडेची झालर त्यातूनच पुढे इतकी वाढली, की आता एका ऑगस्टात तीन हजारांहून अधिक कार्यक्रम तेथे होतात. हे ऐकून मला अण्णासाहेब किर्लोस्कर आठवले. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या त्या गृहस्थांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांना तरी कोणत्या समितीने निवडले होते? तेही अर्धेच नाटक होते, आणि आपण त्याला आरंभ मानतो. म्हणजे माझे स्टेशनवरचे वाक्य इतिहासाच्या दृष्टीनेही चुकीचे होते. हे आईला वाचून दाखवले, तर ती म्हणाली की क्षमा मागतानासुद्धा तुम्ही शिकवणीच घेता.

तीन हजार कार्यक्रम म्हणजे तीन हजार जाहिराती आल्या. दुपारी तुम्ही सगळ्यांनी त्या जुन्या शहरातल्या रॉयल माईलवर उभे राहून पत्रके वाटायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून नाटकाची गोष्ट सांगायची, अशी तेथली रीत आहे म्हणे. त्या कामात काही कमीपणा आहे, असे मला वाटत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की हाका तू मारू नकोस. ऑगस्टातही तेथे भर दुपारी पारा एकोणीस-वीस अंशांपलीकडे सहसा जात नाही, वर पाऊस आणि वारा. त्यात दोन तास ओरडून संध्याकाळी तार पंचमाला हात घालायचा, हे कोणत्याही गळ्याला मानवणारे नाही. ओरडायला निनाद आहे. त्याचा आवाज मांडवीखालून निघाला तर लहरीपुऱ्यापर्यंत ऐकू जातो आणि बिघडण्यासारखे त्यात काही नाही. तू पत्रके वाटून नुसते हसावेस. कुजबुजूनही बोलू नकोस. थकलेल्या गळ्याला कुजबुजणे उलट अधिक बाधते.

हा विषय मी टाळणार होतो.

नाटकाविषयी लिहितो. तू वाचायला दिलेली संहिता मी तीनदा वाचली, हे तुला सांगितले नव्हते. २०२४ च्या पुरात कुमुदआत्या समा भागातल्या घराच्या गच्चीवर दोन रात्री अडकली होती आणि खाली स्कूटरशेजारी विश्वामित्री नदीतली मगर येऊन पडली होती, ह्या गोष्टीचे कोणी संगीत नाटक करील, असे मला स्वप्नातही वाटले नसते. मगरीने गावे की नाही ह्याविषयी माझे मत तुला ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. मात्र तिच्या तोंडी तू दिंडी घातलीस, नऊ आणि दहा मात्रांची ती डुलती चाल, आणि शब्द मराठी-गुजराती सरमिसळ ठेवलेस, ती आपल्या वडोदऱ्याच्या ओट्यावरची बोली आहे. तेथल्या लोकांना त्यातले अर्धे कळणार नाही, तरी मगर डुलते आहे एवढे नक्की कळेल. त्या पानावर मी एकटाच मोठ्याने हसलो.

शेवटच्या प्रवेशात नाटकातली आत्या गच्चीवरून मगरीला गाऊन दाखवते. खऱ्या आत्याने त्या रात्री गाणे म्हटले नव्हते, तिने मगरीला अस्सल बडोदेकरी शिव्या दिल्या होत्या आणि वर शिळी भाकरी फेकून मारली होती. तू तिला गायला लावलेस. ते पान वाचून झाल्यावर मी चष्मा काढून बराच वेळ खिडकीशी बसलो होतो, आणि तू विचारलेस तेव्हा ‘ठीक आहे’ एवढेच म्हणालो.

ह्यामागचे कारण तुला सांगणे भाग आहे. वडोदऱ्याच्या गायनशाळेला शंभर वर्षे झाली त्या १९८६ सालच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळींनी दहा दिवसांत सात प्रयोग लावले होते. कुमुद बावीस वर्षांची होती, सूरसागर तलावाच्या काठावर त्या शाळेच्याच कॉलेजात शिकत होती, आणि मास्तर आजारी पडल्यामुळे ऑर्गनवर मी बसलो होतो. सहाव्या रात्री पहिली घंटा झाल्यावर ती विंगेत माझ्याजवळ आली. हातात पितळी फुलपात्रात कोमट पाणी होते, नाकात नथ घातलेली होती आणि खालचा ओठ रंगवायचा राहिला होता. ती म्हणाली, “दादा, आज काळी पाच झेपणार नाही, पांढरी सहा घे.” काळी पाच ही पेटीवरची तिची नेहमीची पट्टी, पांढरी सहा तिच्याहून अर्धा स्वर खाली; एवढीच गोष्ट होती. मी म्हणालो, “तबला लागला आहे, आता शक्य नाही.” ती मान हलवून आत गेली. त्या रात्री तिसऱ्या अंकात तिचा तार षड्ज फाटला, सातव्या रात्री ती तशीच गायली, आणि त्यानंतर डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी असल्याचे सांगून सहा आठवड्यांचे मौन दिले. बोलणे परत आले. गाण्याचे काय झाले, ते तू पाहतेसच.

तबला उतरवायला पाच मिनिटे लागली असती. खरी गोष्ट अशी, की ती पदे मला काळी पाचमधूनच वाजवता येत होती. पांढरी सहामधून माझी बोटे अडखळली असती, समोर सगळे दांडिया बाजार बसले होते, आणि मला हसे करून घ्यायचे नव्हते. चाळीस वर्षे होत आली, हे मी कुमुदला सांगितलेले नाही. तुझ्या आईलाही नाही. तुलाही सांगायचे नव्हते. परंतु मंगळवारचा तुझा आवाज ऐकल्यापासून मी रात्री दोनला उठून पाणी पितो आणि पुन्हा झोप लागत नाही.

बावीस प्रयोग आणि मध्ये एकच सुट्टी! तुझ्याऐवजी गाणारी कोण आहे, हे मी निनादला विचारले, तर तो हसून म्हणाला, “काका, सहाच जणांची तिकिटे परवडली.” पैशांचे मला कळते, आणि आजीच्या पाटल्यांचा विषय मी ह्या पत्रात काढणार नाही असे आईला वचन दिले आहे. पण जिला गाता येते अशी एक मुलगी तुमच्यात आहे ना, ती मगरीचे काम करणारी? शेवटचे पद तिलाही बसवून ठेव. मगरीने आत्याचे पद म्हटले तर नाटकाचा अर्थ बदलेल, हे मला समजते. तुला राग येईल हेही समजते. हे नाटक तू लिहिलेस, चाली तू बांधल्यास, आणि ते घेऊन तू समुद्रापार गेली आहेस. अशा मुलीला मी घरी बसून काय शिकवायचे? तरीही बसवून ठेव.

गेल्या आठवड्यात एका दुपारी कुमुद आली होती. तुझ्या रंगीत तालमीचे रेकॉर्डिंग मी तिला माझ्या फोनवर लावून दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत उभा राहिलो. सगळे पद संपेपर्यंत ती फोन कानाशी धरून बसली होती. मग तिने हाक मारून विचारले, “स्वर कोणता धरलाय पोरीनं?” मी म्हणालो, काळी पाच. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चांगली गाते. पण रोज नाही व्हायचं हे. एक स्वर उतरव म्हणावं.” एवढे बोलून तिने पिशवी उचलली आणि सेवउसळ खायला मला बरोबर चल म्हणाली. आम्ही गेलो. ती नेहमीप्रमाणे तर्री जास्त घेऊन जेवली, मला मात्र घास उतरेना, आणि तेव्हाही मी तिला काही सांगितले नाही.

तेव्हा आता कामाचे लिहितो. तुमच्या पेटीवाल्या तेजसची पेटी साधी आहे, पट्ट्या सरकवून स्वर बदलणारी स्केलचेंजर नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझी नऊच्या नऊ पदे मी एक स्वर खालच्या काळी चारमधून बसवून पाहिली. चार रात्री गेल्या. सात पदे सरळ येतात. मगरीच्या दिंडीत आणि शेवटच्या पदाच्या अंतऱ्यात बोटे अडखळतात, त्या दोन्ही जागांची बोटे मी आकडे घालून लिहिली आहेत. तो कागद ह्याच पाकिटात आहे. तेजसला म्हणावे, पहिले दोन दिवस हात वाकडा पडेल, तिसऱ्या दिवशी बसतो. माझा बसला. तुला काळी पाचमध्येच गायचे असेल तर गा, निर्णय तुझा आहे; फक्त एखाद्या संध्याकाळी नको वाटले तर त्याच्या हाताला ते ठाऊक असावे, आणि तू विचारल्यावर त्याने नाही म्हणू नये.

ज्येष्ठमधाच्या कांड्या आणि खडीसाखर निनादच्या हिरव्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. प्रयोग संपल्यावर रात्री उशिरा तिखट खाऊ नकोस. तळघरात ओल असणार आणि ओल्या हवेत तबल्याची पुडी उतरते, म्हणून काळी पाचचा आणि काळी चारचा असे दोन तबले मी निनादजवळ दिले आहेत. दुसरा तेवीस किलोंत बसेना. त्यासाठी आईने भरलेल्या लिल्या चिवड्याची तीन पाकिटे मला बाहेर काढावी लागली. ती माझ्या कपाटात मागे ठेवली आहेत आणि आईला हे अजून कळलेले नाही.

तुझा,
बाबा