लेव्हल वाढली म्हणजे तुकडी तयार झाली असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ‘फायनल फॅंटसी टॅक्टिक्स’ या डावपेचांच्या खेळाविषयी आलेला मजकूर वाचला. 1997 साली प्लेस्टेशनवर आलेला हा खेळ 2025 मध्ये नव्या रूपात पुन्हा बाजारात आला, त्यामुळे मराठीत त्यावर लिहिले जाणे आनंदाचेच आहे. पण ‘सुरुवातीलाच आठ-दहा तास एकाच मैदानात लढून सगळ्यांची लेव्हल वाढवून घ्या’ हा त्यातला सल्ला नवख्या खेळाडूला खड्ड्यात घालणारा आहे.

या खेळात कथेतल्या लढायांचे शत्रू बहुतांशी ठरलेल्या लेव्हलचे असतात, पण नकाशावर वाटेत गाठणारे शत्रू आपल्या लेव्हलप्रमाणे वाढतात. दुकानातला माल मात्र कथा पुढे सरकली तरच बदलतो. म्हणजे आपण लेव्हल 20 ला पोहोचलो तरी हातात पहिल्या प्रकरणातल्याच तलवारी, आणि समोरचे राक्षस पूर्ण 20 चे. राक्षसांना शस्त्र लागतच नाही, त्यांची सगळी ताकद लेव्हलवर. तिथे नवखा माणूस मार खातो आणि खेळच अवघड आहे असे समजून सोडून देतो.

वाढवायचे असतात ते जेपी, म्हणजे त्या-त्या जॉबचे (पात्राने घेतलेल्या पेशाचे) गुण, ज्यांतून कौशल्ये विकत घ्यायची. मूळ खेळातला हिशेब असा: प्रत्येक यशस्वी कृतीला 8 अधिक जॉब लेव्हलची दुप्पट अधिक स्वतःच्या लेव्हलचा चौथा हिस्सा. लेव्हल 8 आणि जॉब लेव्हल 2 असेल तर 8 + 4 + 2 = 14 जेपी. स्क्वायर या सुरुवातीच्या जॉबचे, जेपी दीडपट करणारे ‘जेपी बूस्ट’ हे कौशल्य लावले तर 21. मैदानातल्या बाकीच्या साथीदारांच्या खात्यावरही त्या जॉबचे पाव जेपी जमा होतात. अनुभवाचे गुण मात्र वेगळ्या हिशेबाने मिळतात: 10 अधिक (समोरच्याची लेव्हल वजा आपली), आणि ठार केले तर आणखी 10. दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की युक्ती आपोआप कळते. लेव्हल 10 च्या माणसाने लेव्हल 3 च्या लक्ष्यावर कृती केली तर अनुभव जेमतेम 3, पण जेपी पूर्ण. म्हणून सर्वांनी आधी ‘जेपी बूस्ट’ घ्यावे, आणि जेपी साठवायला दुबळी लक्ष्ये निवडावीत.

घाई न करण्याचे दुसरेही कारण आहे. लेव्हल वाढताना आपण ज्या जॉबमध्ये असू, त्याप्रमाणे शरीरगुण वाढतात. निन्जा असताना चढलेली लेव्हल स्क्वायर असताना चढलेल्या लेव्हलपेक्षा जास्त वेग देते, आणि ज्याचा वेग जास्त त्याची पाळी अधिक वेळा येते. सगळ्या लेव्हल स्क्वायर राहूनच संपवल्या तर ते नुकसान सहजी भरून निघत नाही. निन्जा हा जॉब खुला होण्यासाठी मूळ खेळात आर्चर 3, थीफ 4 आणि जिओमॅन्सर 2 एवढी जॉब लेव्हल लागते. 2007 च्या पीएसपी आवृत्तीत अटी वाढल्या, तेव्हा आपल्या आवृत्तीचा तक्ता पाहूनच वाट आखावी.

बहुतेक लढायांत पाच जण उतरतात, त्यात नायक रामझा असतोच. उरलेल्या चौघांत एक केमिस्ट (औषधे वापरणारा) कायम हवा. पडलेल्या साथीदाराच्या डोक्यावर तीनचा आकडा दिसतो. तो उतरत शून्य होऊन गेला की माणूस स्फटिक किंवा पेटी होतो, म्हणजे कायमचा गेला. केमिस्ट फिनिक्स डाउन (पडलेल्याला उठवणारे औषध) चार घरांवरून फेकू शकतो, इतरांना त्यासाठी वेगळे कौशल्य शिकावे लागते. दुसरा मंक, म्हणजे नुसत्या हातांनी लढणारा: त्याला शस्त्राचा खर्च नाही. जादूगार एकच पुरे, तोही जपून वापरावा. मंत्र पूर्ण व्हायला वेळ लागतो. शत्रूवर नेम धरलेला मंत्र त्याच्या मागे जातो, आणि तो शत्रू आपल्या माणसांत येऊन उभा राहिला तर स्फोट आपल्यातच होतो.

भरती करताना ब्रेव्ह (धैर्य) आणि फेथ (श्रद्धा) हे प्रत्येकाचे दोन आकडे पाहायलाच हवेत. बहुतेक प्रत्युत्तरे (हल्ला झाल्यावर आपोआप चालणारी कौशल्ये) ब्रेव्हच्या टक्क्यांइतक्या वेळा चालतात. मंकच्या ठोशाची ताकदही त्यावरच. जादूत देणारा आणि घेणारा अशा दोघांच्या फेथचा गुणाकार होतो: 70 आणि 70 असतील तर 49 टक्के, 70 आणि 50 असतील तर 35. म्हणजे कमी फेथचा योद्धा शत्रूच्या जादूपासून वाचतो, पण आपल्या उपचारालाही तितकाच कमी दाद देतो. फेथ फार वाढवूही नये. 95 ला पोहोचलेला साथीदार तुकडी सोडून जातो.

प्रत्येक पात्राला रास असते, तिचाही हिशेब आहे, आणि मराठी वाचकाला तो पटकन कळेल. नवपंचम इथेही शुभ: मेषेचे सिंह आणि धनूशी जमते, एकमेकांवरच्या कृतीचा परिणाम 25 टक्क्यांनी वाढतो. षडाष्टकाला मात्र इथे काहीच किंमत नाही. वाईट ती चौथी-दहावी रास, म्हणजे मेषेला कर्क आणि मकर. समोरासमोरची रास स्त्री-पुरुषांत सर्वांत उत्तम, समान लिंगात सर्वांत वाईट. उपचार करणारा निवडताना हे जरूर पाहावे.

शेवटी खेळातल्या रिओव्हानेस किल्ल्याचा इशारा आपण ठळक छापायला हवा होता. तिथे लढाया सलग येतात, आणि मूळ खेळात मधे बाहेर पडता येत नाही. दुसऱ्या लढाईत रामझा एकटाच विग्राफ या बलाढ्य शत्रूसमोर उभा राहतो. दारावरची लढाई जिंकून एकुलत्या एका सेव्हवर सेव्ह केले आणि रामझा कच्चा असला, तर सगळा खेळ पहिल्यापासून. किल्ल्यात शिरण्याआधीचा सेव्ह वेगळा ठेवावा. रामझाला केमिस्टचे ‘ऑटो-पोशन’ (मार बसताच आपोआप औषध घेणे) शिकवावे. ते पिशवीतले सर्वांत हलके औषध आधी काढते, म्हणून 30 जीव भरणारी साधी पोशन विकून टाकावीत आणि 70 किंवा 150 चीच ठेवावीत. ‘टेलविंड’ या कौशल्याने त्याचा वेग दर पाळीला एकाने वाढवता येतो. लागोपाठ दोन पाळ्या मिळू लागल्या की मग हल्ला सुरू करावा.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड