पस्तीस मिनिटांचं ग्रंथालय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका पालकांनी लिहिलं होतं की आता सगळं फोनवर मिळतं, मग शाळेत ग्रंथालयाची खोली कशाला अडवून ठेवायची, त्यापेक्षा तिथे एखादा वर्ग तरी बसवा. वाचून आधी डोकं फिरलं. मग म्हटलं यांची तरी काय चूक, यांनी शाळेत असताना जे ग्रंथालय पाहिलं असेल ते बहुतेक बाहेरूनच, कुलूप लावलेलं. मी सहावी ते आठवीच्या शाळेत ग्रंथपाल आहे, बरीच वर्षं झाली, म्हणून उत्तर लिहायला बसले. पण त्यांचं म्हणणं खोडून काढण्याआधी एक कबूल करायला हवं, आत्ता बऱ्याच शाळांत ग्रंथालय ज्या पद्धतीने चालतं ते बघून ती खोली फुकट गेल्यासारखीच वाटते.

हिशोब अगदी साधा आहे. वर्गात ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून एकदा. मुलं रांगेने येऊन, चपला काढून, ढकलाढकली करून टेकेपर्यंत ५ मिनिटं गेलेली असतात. उरली ३० मिनिटं, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आले ४० सेकंद. त्या ४० सेकंदांत जुनं पुस्तक जमा करायचं, पानं फाटलीत का ते मी बघायचं, नोंद खोडायची, नवीन पुस्तक शोधायचं, त्याची नोंद करायची आणि पुढच्याला जागा द्यायची. मूल काय करणार, समोर येईल ते उचलतं. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक न वाचता परत येतं आणि आपण म्हणतो, हल्लीची मुलं वाचतच नाहीत हो.

आमच्या ग्रंथालयशास्त्रातलं मोठं नाव म्हणजे एस. आर. रंगनाथन. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, आम्हाला कोर्सला ती तोंडपाठ करावी लागतात. त्यातलं चौथं सूत्र आहे वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही तो इतका वाचवला की वाचकाकडे वेळच उरला नाही!

बरं, हा तास तरी नीट मिळतो का? कोणी शिक्षक रजेवर गेले की तो वर्ग ग्रंथालयात, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे लावायचे तर ग्रंथालयात, मेडिकल तपासणी, मीटिंग, फोटो काढायला येणारा माणूस, सगळं ग्रंथालयात, आणि त्या वेळी माझं काम एकच, मुलांना गप्प बसवणं. माझा मुद्दाच हा आहे की ग्रंथालय टाइमटेबलातल्या एका चौकोनात बसवायची गोष्ट नाही. गरज पडेल तेव्हा मुलाला तिथे जाता आलं पाहिजे, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर अर्धा तास, आणि चालू तासातून शिक्षकांची चिठ्ठी घेऊन दोघं-तिघं येऊ शकले पाहिजेत.

हा हट्ट का, ते सांगते. अकरा ते चौदा हे वय फार विचित्र. चौथीतलं पोर ओरडून विचारतं, बाई भुताचं पुस्तक आहे का, तेच पोर सातवीत गेलं की काहीच विचारत नाही. म्हणजे प्रश्न संपलेले नसतात, वाढलेले असतात, फक्त चारचौघांत विचारायची लाज वाटायला लागलेली असते. एकदा मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी आली आणि कपाटांमध्ये चार फेऱ्या मारून शेवटी टेबलावर दोन पुस्तकं ठेवली, वर ग्रहताऱ्यांचं, खाली वयात येताना शरीरात काय बदल होतात त्याचं, आणि खालच्या पुस्तकाचं नाव दिसू नये म्हणून हात तसाच दाबून धरलेला. मी काही न बोलता दोन्हींची नोंद केली आणि म्हटलं, हे दुसरं जरा सावकाश वाच, परत द्यायची घाई नाही. पुढच्या पंधरवड्यात तिच्याच वर्गातल्या आणखी तिघी एकेकट्या येऊन ते घेऊन गेल्या. वर्गाच्या तासाला ४५ जणांच्या रांगेत उभं राहून यातल्या एकीनेही ते पुस्तक उचललं नसतं. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात ते ६१२ मध्ये येतं, मानवी शरीर, आणि आमच्या फळीवर सगळ्यात मऊ पडलेली, कोपरे गोल झालेली पुस्तकं त्याच आकड्याची आहेत, पण नोंदवहीत त्यांच्यापुढे नावं कमीच, कारण निम्मी मुलं ती तिथेच कोपऱ्यात उभ्याने वाचतात.

नोंदीवरून आठवलं, पूर्वी पुस्तकाच्या मागच्या खिशात कार्ड असायचं आणि आधी कोणी कोणी नेलं त्यांची नावं त्यावर एकाखाली एक. मुलं पुस्तक सोडून ती नावंच वाचायची आणि मग वर्गात चिडवाचिडवी. आता बारकोड लावलेत, कोणी काय नेलं ते फक्त मला दिसतं, आणि ते मी कोणालाही सांगत नाही, अगदी वर्गशिक्षकांनी विचारलं तरीही. यावरून एक-दोनदा वाजलंय, वाजू दे.

आता फोनचा मुद्दा. मुलांना फोनवर माहिती मिळते हे खरंच आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मला त्रास होतो तो प्रकल्पाच्या वह्या बघताना. विषय टाकला, पहिला जो मजकूर आला तो उतरवला, झालं. कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, दुसरीकडे काही वेगळं दिलंय का, काही नाही. ते शिकवायची जागा ग्रंथालय आहे, कारण तिथे एकाच विषयावरची पाच पुस्तकं मुलासमोर उघडून ठेवता येतात. मी सहावीला फक्त एवढंच करायला लावते, अनुक्रमणिका बघ, शेवटची सूची बघ, छापल्याचं साल बघ आणि दोन पुस्तकांत न जुळणारी एक तरी गोष्ट शोधून आण. मुलं त्यावर तुटून पडतात, पुस्तकाची चूक काढायला मिळाली की त्यांना काय हवं असतं अजून! याच सवयीने तीच मुलं पुढे फोनवरच्या मजकुरालाही विचारतात, तू कोण आणि कधीचा.

यात माझीही एक चूक आहे, ती लपवत नाही. एका मुलाने सूर्यमालेचा तक्ता केला, मस्त रंगवलेला, आणि त्यात ग्रह नऊ. विज्ञानाच्या मॅडमनी मार्क कापले. तो पुस्तक घेऊन थेट माझ्याकडे आला, म्हणाला तुमच्याच पुस्तकात आहे की. बरोबर होतं त्याचं. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ मध्ये काढलं आणि आमचं पुस्तक त्याच्याही कितीतरी आधी छापलेलं, फळीवर तसंच उभं. त्या दिवशी मी विज्ञानाचं अख्खं कपाट रिकामं केलं. मूलद्रव्यं ११८ पर्यंत पोचली तरी आमच्या एका पुस्तकात १०५ वरच थांबलेली, कॉम्प्युटरच्या पुस्तकात फ्लॉपी कशी घालावी याचं चित्र. ही पुस्तकं बाद करायची म्हटलं तर कागदपत्रं इतकी आणि वर भीती ही की संख्या कमी दिसेल. तपासणीला येणारा माणूस विचारतो काय, तर पुस्तकं किती. वर्षात किती पुस्तकं घरी गेली हे अजून मला कोणी विचारलेलं नाही. खरं तर चुकीचं शिकवणारं पुस्तक नसलेलं बरं, रिकामी फळी निदान खोटं बोलत नाही.

शिक्षकांबद्दल थोडं जपून लिहिते, रोज एकाच स्टाफरूममध्ये बसायचंय. बऱ्याच जणांना ग्रंथालय म्हणजे पेपर तपासायला शांत जागा वाटते. बसा की, खुशाल बसा. पण पुढच्या महिन्यात काय शिकवणार आहात ते १५ दिवस आधी कानावर घातलंत तर त्या विषयाची वीस-पंचवीस पुस्तकं, नकाशे, जुन्या मासिकांतली चित्रं असा संच करून मी वर्गात पाठवू शकते. भूगोलाच्या एका सरांनी हे केलं, ज्वालामुखीच्या धड्याला. पेटी तीन आठवडे वर्गातच ठेवली आणि परत आली तेव्हा दोन पुस्तकांचे कणे निघालेले. बाइंडरकडे पाठवताना मला जो काही आनंद झालाय तो सांगून पटणार नाही. गणितवाल्यांना वाटतं आपलं इथे काय काम, त्यांना कोडी आणि गणितज्ञांच्या गोष्टींची फळी दाखवली की पंधरा मिनिटं हलत नाहीत. इंग्रजीच्या मॅडम तर तासाच्या शेवटी दहा मिनिटं एक पुस्तक मोठ्याने वाचतात आणि मुद्दाम ऐन रंगात आलं की थांबतात. मग मधल्या सुट्टीत माझ्या दारात गर्दी, पुस्तकाची प्रत एकच आणि मागणारे बारा.

स्टाफ म्हणजे फक्त शिक्षकही नव्हेत. इफ्ला, म्हणजे ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना, आणि युनेस्को यांच्या १९९९ च्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यात स्पष्ट आहे की सेवा शाळेतल्या सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे, हुद्दा बघून नाही. आमचे शिपाईमामा दर शनिवारी एक जाड कादंबरी नेतात आणि सोमवारी परत आणताना शेवट सांगून टाकतात, तेवढा एक त्रास सोडला तर माझे सगळ्यात नियमित वाचक तेच.

मग एवढं सगळं असून कपाटांना कुलपं का? पुस्तकं हरवतात म्हणून. हरवतात हो, भिजतात, फाटतात, दप्तरात पाण्याची बाटली सांडते. भिजलेलं पुस्तक मुलं घाबरून चार दिवस लपवून ठेवतात, आणि बुरशी दोन दिवसांतसुद्धा धरू शकते. त्याच दिवशी आणलं तर पानांमध्ये कोरे टीपकागद घालून पंख्याखाली उभं करून वाचवता येतं. म्हणून मी भिजलेल्या पुस्तकाचा दंडच बंद केला, तेव्हापासून मुलं ओली पुस्तकं धावत घेऊन येतात. मध्ययुगात युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधायचे, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून आहे, साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली म्हणून पुस्तकांचे कणे आत आणि पानांची बाजू बाहेर. तेव्हा एकेक प्रत हाताने लिहायला महिनोन् महिने लागायचे, त्यामुळे साखळी समजू शकते. आणि साखळी असली तरी माणूस समोर बसून वाचू तरी शकायचा, आमच्या कुलूपबंद काचेच्या कपाटातल्या पुस्तकाचं नुसतं नाव वाचायचं.

तर पालकांना माझं सांगणं की खोली काढून घ्या म्हणण्याआधी ती उघडी ठेवा असं म्हणून बघा. पुढच्या पालकसभेत मार्कांच्या जोडीला एवढं विचारा, ग्रंथालय मधल्या सुट्टीत उघडं असतं का, आणि ग्रंथपालाला दिवसाला किती ऑफ तास, म्हणजे शिक्षक नसलेले वर्ग, सांभाळायला लावता.

आमच्याकडे नवीन वर्षाचं कच्चं टाइमटेबल परवा स्टाफरूममध्ये लागलं. मी मधल्या सुट्टीला लागून रोज एक तास मोकळा मागितला होता, येणाऱ्या मुलांसाठी. तिथे पेन्सिलीने माझं नाव आहे आणि पुढे लिहिलंय, ऑफ तास, ७ ब. पेन्सिलीने आहे म्हणून उद्या खोडरबर घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणार आहे.

आपली,
एका शाळेतली ग्रंथपाल