बॅटरी बदलायच्या आधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही म्हणून बाबा रोज संध्याकाळी तो धुऱ्याच्या उतारावर लावतात आणि सकाळी गडगडवत चालू करतात, असं आईकडून कळलं. बाबा, हे आजपासून बंद करा. उतारावर हातून सुटला तर कोणाच्या अंगावर जाईल, नेम नाही. नव्या बॅटरीसाठी लगेच यवतमाळलाही धावू नका. दोष नक्की बॅटरीचाच आहे का, ते आधी पाहू.

पहिल्यांदा टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट काट काढा. मायनसची वायर आधी सोडायची आणि जोडताना शेवटी. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, पण ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पुसून, आवळून वरून ग्रीस लावा. कितीदा तरी एवढ्यानेच सेल्फ लागतो.

मग मी पाठवलेला मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा आणि सकाळी, रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर बॅटरीचे व्होल्ट बघा. 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली असेल तर पार उतरलेली, पण म्हणून ती गेलीच असं नाही. पूर्ण चार्ज करून आणा. रात्रभर नुसती ठेवून सकाळी 12.4 सुद्धा दाखवत नसेल, तर तिच्यात दम राहिला नाही.

टिकली, तर खरी परीक्षा सेल्फची. गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला. आई, तू पदर खोचून, पंख्यापासून लांब उभी राहून मीटर धर. बाबा सेल्फ मारतील तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी बदलायची. चालू इंजिनवर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तिथे बारावरच अडकला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा पट्टा दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही तशीच उतरेल.

आपल्या बॅटरीला चार वर्षं होत आली. लोक थंडीला दोष देतात, पण आपल्याकडे तिला खातो तो वैशाख. पारा पंचेचाळीसवर गेला की आतलं पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात, आणि उघडा पडलेला भाग पुन्हा धड काम करत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा. फक्त डिस्टिल वॉटर घाला, विहिरीचं नाही, ॲसिडही नाही. आणि बाबा, त्या वेळी हातात बिडी नको. आतून निघणारा वायू पेट घेतो.

बदलायची ठरली तर मिरगाच्या आधीच बदलू. ऐन पेरणीत ट्रॅक्टर वावरात उभा राहिला तर ओल हातची जाईल. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवी घेताना दुकानदार तिचे पैसे वळते करतो. बाकीचे मी पाठवते, त्यावर वाद नको.

सकाळचा, सेल्फ मारतानाचा आणि चालू इंजिनवरचा, असे तिन्ही आकडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवा. रविवारी फोन करते.

तुमची लेक