सातव्या हेन्रीचे मुचलके

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील इंग्लंडवरच्या लेखात '१४८५ साली मध्ययुग संपले आणि सातव्या हेन्रीने नवे राज्य उभारले' असे विधान आहे. मीही इतिहासाच्या तासाला हेच वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तेव्हा ही दुरुस्ती थोडी माझीही आहे.

लेखकाचा मुख्य पुरावा म्हणजे स्टार चेंबर हे राजाचे न्यायालय. हेन्रीने १४८७ च्या कायद्याने ते न्यायालय स्थापन केले, ही समजूत जुनीच आहे आणि चुकीची आहे. लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर राजवाड्यातल्या ज्या दालनावरून त्याला हे नाव मिळाले, तिथे राजाचे सल्लागार चौदाव्या शतकापासून बसत होते. १४८७ च्या कायद्याच्या मूळ मजकुरात तर त्या दालनाचा उल्लेखही नाही. तो नंतर कोणीतरी समासात लिहिला.

१४८५ साली बॉसवर्थची लढाई जिंकून राजा होण्याआधी हेन्री चौदा वर्षे ब्रिटनी आणि फ्रान्समध्ये परागंदा होता. राज्याचे दप्तर त्याने कधी हाताळलेच नव्हते. पहिली दोनेक वर्षे महसूल एक्सचेकर या जुन्या सरकारी खजिना खात्याकडेच जात राहिला. मग चौथ्या एडवर्डची, म्हणजे प्रतिस्पर्धी यॉर्क घराण्याच्या राजाची, पद्धत त्याने उचलली: पैसा थेट राजाच्या खासगीकडे. माणसेही पुष्कळशी जुनीच. चॅन्सलर, म्हणजे राज्याचा प्रमुख मंत्री, झालेला जॉन मॉर्टन आधी एडवर्डच्या सेवेत होता. सरे परगण्याचा अर्ल टॉमस हॉवर्ड बॉसवर्थला हेन्रीविरुद्ध लढला होता. त्याला टॉवरमधून, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या कैदेतून, सोडून उत्तरेच्या बंदोबस्तावर पाठवले आणि १५०१ मध्ये लॉर्ड ट्रेझरर, म्हणजे राज्याचा खजिनदार, केले.

मग नवे काय? माझ्या मते, हात. खासगीच्या हिशेबवह्यांच्या पानांवर राजाची स्वतःची सही आहे. (आपल्याकडे तालुक्याचा साहेबही इतक्या पानांवर सही करायला कुरकुरेल.) आणि मुचलके! सरदाराकडून वर्तणुकीबद्दल भली मोठी रक्कम लिहून घ्यायची आणि ती त्याच्या डोक्यावर टांगती ठेवायची. साधनही जुनेच, पण इतक्या जणांना एकाच वेळी त्यात कोणी अडकवले नव्हते. उमराव घराण्यांपैकी बहुसंख्य कधी ना कधी या जाळ्यात आली.

१५०७ चे बर्गेव्हेनी प्रकरण पाहावे. या लॉर्डाने केंट परगण्यात ४७१ माणसे बेकायदा पदरी बाळगली, म्हणून दंड बसला ७० हजार पौंडांहून अधिक. राजाचे स्वतःचे वर्षाचे उत्पन्न तेव्हा लाखभर पौंडांच्या आसपास होते! माणशी महिन्याला पाच पौंड हा दर मात्र एडवर्डच्या १४६८ च्या कायद्यातलाच. पुढे राजाने तडजोड केली: दहा वर्षांत पाच हजार भरायचे आणि परवानगीशिवाय केंटमध्ये पाऊल टाकायचे नाही. कायदा एडवर्डचा, धाक हेन्रीचा.

याला सुशासन म्हणावे का? लेखक म्हणतात, मी म्हणणार नाही. २१ एप्रिल १५०९ रोजी हेन्री गेला, तेव्हा दरबाराने मृत्यूची बातमी दोन दिवस दाबून ठेवली. पाठोपाठ वसुलीचे दोन बदनाम कारभारी, एम्पसन आणि डडली, कैदेत पडले. डडलीने टॉवरमध्ये बसून, राजाने कोणाकोणावर अन्याय केला त्याची यादी लिहून ठेवली. ऑगस्ट १५१० मध्ये दोघांचा शिरच्छेद झाला. नव्या राजाने बरेच मुचलके रद्द केले आणि लोकांनी त्याचा जयजयकार केला. खासगीच्या वह्या सांभाळणारा खजिनदार जॉन हेरॉन मात्र पुढची दहाएक वर्षे त्याच जागेवर होता.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा